मधल्या सुट्टीतला उजेड

वर्गात असा एखादा मुलगा असतोच. फळ्यावरचे उतरवून घ्यायचे म्हटले की तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो. डोळे बारीक करून पाहतो. दोनतीनदा उठून पुढे येतो आणि ‘जागेवर बस’ म्हटले की गप्प बसून राहतो. पुस्तकातले मात्र न अडखळता वाचतो. वर्षभर आपण त्याच्याविषयी ‘अभ्यासात लक्ष नाही’ असे म्हणत राहतो. मग एके दिवशी शाळेत डोळे तपासणारे पथक येते आणि कळते, की तिसऱ्या बाकावरून त्याला फळा धड दिसतच नव्हता.

त्याने सांगितले का नाही? कारण त्याला ते ठाऊकच नव्हते. झाडाची पाने वेगवेगळी दिसतात, समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा लांबूनही ओळखता येतो, हे त्याने कधी अनुभवलेलेच नसते. सगळ्यांना असेच दिसते अशी त्याची समजूत असते.

लांबचे अंधूक दिसणे म्हणजे निकटदृष्टिता. आपण बोलताना ‘मायनस नंबर’ म्हणतो. दहावीच्या पुस्तकात हा दोष भिंगांच्या पाठात येतो. आकृती काढायची, अंतर्गोल भिंग दाखवायचे, दोन गुण मिळवायचे. पण हा दोष मुळात होतो का, आणि अलीकडे इतक्या मुलांना का होतो, हे त्या पाठात नसते. गेल्या पन्नासेक वर्षांत या प्रश्नावर जे संशोधन झाले त्याचा शेवट अनपेक्षित ठिकाणी येऊन थांबतो: शाळेच्या वेळापत्रकात. म्हणूनच ही हकीकत शिक्षकांनी समजून घ्यावी अशी आहे.

डोळा लांब होतो म्हणजे काय?

नवजात बाळाचा नेत्रगोल पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर लांब असतो. मोठ्या माणसाचा सुमारे २४ मिलिमीटर. बाळाचा डोळा आखूड असल्यामुळे प्रतिमा दृष्टिपटलाच्या मागे पडते. म्हणजे बहुतेक बाळे थोडी ‘प्लस नंबर’ घेऊनच जन्माला येतात. पुढे डोळा वाढत जातो आणि दृष्टिपटल हळूहळू मागे सरकते. ते नेमके प्रतिमेच्या जागी आले की वाढ मंदावायला हवी. बहुतेक मुलांत ती मंदावतेही. ज्यांच्यात ती थांबत नाही त्यांचे दृष्टिपटल प्रतिमेच्या मागे निघून जाते. एका मिलिमीटरची जादा वाढ म्हणजे सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरचा मायनस नंबर. एवढे हे काम नाजूक आहे.

हे वर्गात दाखवता येते. प्रयोगशाळेतले १० सेंटिमीटर नाभीय अंतराचे बहिर्गोल भिंग घ्या. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ, थोड्या अंधाऱ्या बाजूला उभे राहून बाहेरच्या झाडाची प्रतिमा कागदावर घ्या. भिंगापासून १० सेंटिमीटरवर झाड उलटे, पण स्पष्ट दिसेल. आता कागद साडेबारा सेंटिमीटरवर न्या. झाड पुसट झाले. हा झाला लांब झालेला डोळा. आता वर्गातल्या एखाद्याचा मायनस २ नंबरचा चष्मा मागून घ्या आणि त्याची काच भिंगाला लागून धरा. झाड पुन्हा स्पष्ट होते! गणितही सोपे आहे. भिंगाची शक्ती अधिक १० डायॉप्टर, चष्म्याची उणे २; बेरीज ८. एक मीटर भागिले ८ म्हणजे १२.५ सेंटिमीटर. (चष्मा मायनसचा आहे हे कसे ओळखायचे? पुस्तकावर थोडा उंच धरला की त्यातून अक्षरे लहान दिसतात.)

या प्रयोगातून आणखी एक गोष्ट मुलांना उमजते. चष्म्याने कागद पुढे आला नाही. फक्त प्रतिमा मागे गेली. चष्मा लांब झालेला डोळा आखूड करत नाही. एकदा वाढलेला डोळा पुन्हा आक्रसून पूर्ववत होत नाही. त्यामुळे खरा प्रश्न आधीचा आहे: डोळ्याला ‘आता थांब’ हे सांगते कोण?

पुस्तके की रक्त?

योहानेस केप्लर हा ग्रहांच्या गतीचे नियम शोधणारा शास्त्रज्ञ. अंतर्गोल भिंगाने लांबचे का दिसते याचा बरोबर खुलासा त्याने १६०४ साली केला. तो स्वतःही निकटदृष्टी होता. पण दोष कशाने होतो याचा शोध घ्यायला मोठी पाहणी हवी होती. ती १८६७ साली ब्रेस्लाउ येथील नेत्रवैद्य हेर्मान कोन याने प्रसिद्ध केली. त्याने १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासले. खेड्यातल्या शाळांत हा दोष क्वचित आढळला; शहरात जास्त; आणि जसजशी इयत्ता वाढत जाई तसतसे दोष असलेल्यांचे प्रमाणही वाढत जाई. कोनने निष्कर्ष काढला की वाकून, कमी उजेडात केलेला अभ्यास डोळे बिघडवतो. त्याने बाकांची उंची आणि खिडक्यांचे आकार सुधारण्याचा आग्रह धरला.

पुढे विसाव्या शतकात पारडे दुसऱ्या बाजूला झुकले. आईवडिलांना चष्मा असेल तर मुलांना लागण्याची शक्यता जास्त असते, हे खरेच आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतही अनुवंशाचा वाटा दिसला. तेव्हा ‘रक्तातच असते, करायचे काय’ असे म्हटले जाऊ लागले.

पण एक आकडा या उत्तरात बसत नव्हता. अलास्काच्या उत्तर टोकाला राहणाऱ्या इन्युइट लोकांची पाहणी १९६९ साली प्रसिद्ध झाली. एकाकी वस्त्यांत लहानाचे मोठे झालेल्या १३१ प्रौढांत निकटदृष्टिता असलेले फक्त दोन निघाले. त्यांच्या मुलानातवंडांत मात्र हे प्रमाण निम्म्याहून जास्त होते. मधल्या काळात शाळा आल्या होत्या. एकदोन पिढ्यांत जनुके एवढी बदलत नाहीत. राहणी बदलते. पूर्व आशियातल्या मोठ्या शहरांतही तेच झाले. तेथे आज शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या तरुणांपैकी ८० ते ९० टक्के निकटदृष्टी असतात. त्यांच्या आजीआजोबांच्या पिढीत असे नव्हते.

पिलांचे चष्मे

डोळ्याची वाढ दृष्टीवर अवलंबून असते हे योगायोगानेच कळले. टॉर्स्टन वीझल आणि डेव्हिड ह्यूबेल हे मेंदूतील दृष्टिकेंद्राचा अभ्यास करत होते; त्यासाठी त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोगात माकडांच्या पिल्लांच्या एका डोळ्याच्या पापण्या काही काळ शिवून ठेवलेल्या असत. असा मिटलेला डोळा उघडून पाहिल्यावर तो दुसऱ्यापेक्षा लांब वाढलेला असतो, हे वीझल आणि एलियो राव्हिओला यांनी १९७७ साली दाखवले. मग नवा प्रयोग झाला. पापण्या शिवलेली पिल्ले पूर्ण अंधारात वाढवली तेव्हा डोळा लांबला नाही. म्हणजे शिवणीचा दाब हे कारण नव्हते. पापणीतून झिरपणारा, चित्र नसलेला धूसर उजेड हे कारण होते.

१९७८ साली जॉश वॉलमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या पिलांत हेच दाखवले. पिलांचे डोळे झपाट्याने वाढतात, त्यामुळे परिणाम थोड्या दिवसांत मोजता येतो. पुढची पायरी १९८८ सालची. फ्रांक शेफेल आणि सहकाऱ्यांनी पिलांना चक्क चष्मे लावले! मायनस काच लावली की प्रतिमा दृष्टिपटलाच्या मागे जाते. पिलाचा डोळा लांब झाला आणि प्रतिमेपर्यंत पोचला. प्लस काच लावली तर उलट झाले. डोळ्याची वाढ मंदावली. म्हणजे डोळा स्वतःची लांबी स्वतः जुळवून घेत होता.

हा हिशेब मेंदू करतो का? डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी मज्जा तोडली तरी पिलाचा डोळा लांबतच होता. दृष्टिपटलाच्या अर्ध्याच भागापुढे धूसर पडदा धरला तर डोळ्याचा तेवढाच भाग फुगला. म्हणजे ‘वाढ’ आणि ‘थांब’ हे हुकूम दृष्टिपटलातूनच निघतात. कुंभाराला भांड्याची जाडी पाहायला डोळे लागत नाहीत, त्याची बोटेच ती ओळखतात; तसे हे आहे.

रात्रीच्या दिव्याची गोष्ट

येथे एक आडवळण घेऊ, कारण ते अकरावीबारावीच्या मुलांना सांगण्यासारखे आहे. १९९९ साली ‘नेचर’ या प्रतिष्ठित नियतकालिकात ४७९ मुलांची एक पाहणी छापून आली. वयाच्या पहिल्या दोन वर्षांत जी मुले अंधारात झोपत त्यांच्यापैकी १० टक्क्यांना निकटदृष्टिता होती. मंद दिवा लावून झोपणाऱ्यांत हे प्रमाण ३४ टक्के होते आणि खोलीतला मोठा दिवा लावून झोपणाऱ्यांत ५५ टक्के. आकडे पाहून कोणीही घाबरेल. अनेक घरांतले रात्रीचे दिवे तेव्हा बंद झाले असतील.

दुसऱ्याच वर्षी दोन वेगळ्या गटांनी हीच पाहणी पुन्हा केली. त्यांना दिव्याचा असा काही संबंध आढळला नाही. मात्र दुसरीच एक गोष्ट आढळली: ज्या आईवडिलांना स्वतःला मायनस नंबर आहे ते बाळाच्या खोलीत दिवा जास्त प्रमाणात लावतात. रात्री उठून चाचपडायला नको म्हणून, बहुधा. आणि त्यांच्या मुलांना नंबर लागण्याची शक्यता मुळातच जास्त असते. दिवा आणि चष्मा एकत्र आढळले, पण एकाने दुसरे घडवले नव्हते.

दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे आपण शिकवतो. त्याला याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. पुढे जे सांगायचे आहे तेही याच कसोटीवर घासून पाहू.

सिडनी आणि सिंगापूर

कॅथरिन रोझ, इअन मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली एक तुलना प्रसिद्ध केली. सहासात वर्षांची चिनी वंशाची मुले; काही सिंगापूरमध्ये राहणारी, काही ऑस्ट्रेलियातील सिडनीत. वंश एकच. आईवडिलांपैकी किमान एकाला निकटदृष्टिता असण्याचे प्रमाणही जवळपास सारखेच. पण सिंगापूरच्या मुलांत दोषाचे प्रमाण २९.१ टक्के होते आणि सिडनीत अवघे ३.३ टक्के.

सिडनीतली मुले वाचत कमी होती का? उलट, आठवड्याला ती जास्त पुस्तके वाचत होती! मोठा फरक सापडला तो एकाच बाबतीत. सिडनीतली मुले आठवड्याला पावणेचौदा तास घराबाहेर, उघड्यावर असत. सिंगापूरची तीन तास.

त्याच गटाच्या सिडनीतल्या दुसऱ्या अभ्यासात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. फायदा खेळाचा नव्हता. छपराखाली खेळणाऱ्या मुलांना तो मिळत नव्हता, आणि बाहेर नुसते हिंडणाऱ्यांना मिळत होता. म्हणजे घाम गाळणे महत्त्वाचे नव्हते. महत्त्वाचे होते ते उघड्यावर असणे.

पण थांबा. रात्रीच्या दिव्याची गोष्ट आठवा. ज्यांना लांबचे दिसत नाही ती मुलेच बाहेर खेळायला कचरत असतील तर? चेंडू दिसत नाही म्हणून घरात बसत असतील तर? अशा वेळी कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होईल. ही शंका मिटवायला पाहणी पुरत नाही. प्रयोगच करावा लागतो.

शाळा हीच प्रयोगशाळा

दक्षिण चीनमधील ग्वांगझौ शहरात बारा प्राथमिक शाळा निवडल्या गेल्या. त्यांतल्या सहा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने वेगळ्या काढल्या. या सहा शाळांत पहिलीच्या मुलांना दररोज ४० मिनिटांचा एक जादा तास दिला. तो तास मैदानावर. बाकीच्या सहा शाळांचे वेळापत्रक होते तसेच राहिले. एकूण १,९०३ मुले होती. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना नव्याने निकटदृष्टिता आली होती आणि मैदानाच्या तासाच्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला.

फरक नऊ टक्क्यांचा. जादूची कांडी म्हणावी एवढा मोठा नाही. पण शंभर मुलांमागे नऊ जणांचा चष्मा टळला किंवा लांबला, तोही औषधाशिवाय. आणि येथे कोण बाहेर जाईल हे मुलांच्या आवडीवर सोडलेले नव्हते, त्यामुळे मघाची शंका उरत नाही.

तैवानमध्ये काउश्युंग येथे याहून साधा प्रयोग झाला. एका शाळेत ठरवले की तास संपून सुट्टी झाली की वर्ग रिकामा करायचा, सगळ्यांनी बाहेर जायचे. सुट्ट्या मिळून दिवसाला ८० मिनिटे होत. जवळच्या दुसऱ्या शाळेत असे बंधन नव्हते. वर्षभरात दुसऱ्या शाळेत १७.६५ टक्के मुलांना नव्याने दोष आला. वर्ग रिकामा करणाऱ्या शाळेत ८.४१ टक्के मुलांना. ही शाळांची एकच जोडी होती, त्यामुळे तिच्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. पण तैवान सरकारने २०१० पासूनच शाळांना दिवसाला १२० मिनिटे बाहेर घालवण्याचे लक्ष्य दिले होते. अनेक दशके तेथे शाळकरी मुलांची अधू दृष्टी वाढतच होती. २०१२ साली ४९.४ टक्क्यांवर असलेले हे प्रमाण २०१५ साली ४६.१ टक्क्यांवर आले. चढता आलेख पहिल्यांदाच खाली वळला.

याच्या उलटा प्रयोग २०२० साली सगळ्या जगावर झाला, कोणी न ठरवता. चीनच्या शांदोंग प्रांतातील फेचेंग येथे दरवर्षी शाळकरी मुलांचे डोळे तपासले जात. २०१५ ते २०१९ या वर्षांत सहा वर्षांच्या मुलांतले निकटदृष्टितेचे प्रमाण कधी ५.७ टक्क्यांच्या वर गेले नव्हते. कोविडच्या साथीत पाच महिने घरात राहिलेली मुले २०२० साली तपासली तेव्हा ते २१.५ टक्के निघाले. तपासणीची पद्धत झटपट होती, त्यामुळे आकडा जसाच्या तसा घेऊ नये. पण उडी लहान नाही. आणि ती सर्वांत मोठी होती सहासात वर्षांच्या मुलांत, म्हणजे ज्यांचे डोळे अजून वेगाने वाढत होते त्यांच्यात.

उजेड करतो काय?

भर दुपारी उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. झाडाच्या सावलीत काही हजार. पावसाळी ढगाळ दिवशीही उघड्यावर हजारांत असतो. आणि वर्गात? दिवे लावलेल्या चांगल्या वर्गात तीनशे ते पाचशे, खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यात शंभरही नसतो. आपल्याला एवढा फरक जाणवत नाही, कारण बाहुली लहानमोठी होते आणि दृष्टिपटलही आपली संवेदनक्षमता बदलत राहते. मोबाइलमध्ये उजेड मोजणारे फुकट ॲप मिळते. मोजमाप ढोबळ असते, पण मुलांना वर्गात, व्हरांड्यात, झाडाखाली आणि मैदानात मोजायला सांगा. आकड्यांतला फरक पाहून तीही चकित होतील.

हा उजेड दृष्टिपटलातल्या काही पेशींना डोपामिन हे रसायन सोडायला लावतो. धूसर पडदा लावलेल्या पिलांच्या डोळ्यांत दिवसा डोपामिन कमी पडते, हे १९८९ साली दिसले होते. डोपामिन डोळ्याच्या वाढीला लगाम घालते. पुढे असे आढळले की पिलांना प्रखर उजेडात ठेवले तर डोळा कमी लांबतो. आणि डोपामिनला अडवणारे औषध डोळ्यात दिले तर उजेडाचा हा फायदा नाहीसा होतो. साखळीचे दुवे असे जुळत गेले. हे प्रयोग दिव्यांच्या उजेडातही साधले, म्हणून उन्हातून मिळणारे ‘ड’ जीवनसत्त्व हे यामागचे कारण नसावे.

साखळी पूर्ण झाली असे मात्र नाही. माकडांवरच्या प्रयोगांत प्रखर उजेडाने धूसर पडद्याचा परिणाम रोखला, पण मायनस काचेचा परिणाम रोखला नाही. बाहेर फक्त उजेडच जास्त असतो असेही नाही. तेथे आजूबाजूचे सगळेच दूर असते, तर खोलीत काही जवळ आणि काही लांब, अशी प्रतिमांची सरमिसळ असते. त्याचाही वाटा असू शकेल. शिवाय फार जवळ धरून, न थांबता वाचण्याचाही थोडा संबंध अनेक पाहण्यांत दिसतो. म्हणजे कोन अगदीच चुकला नव्हता. बाकांकडे पाहताना त्याचे मैदानाकडे लक्ष गेले नाही, एवढेच.

आपल्याकडे काय?

आपल्या देशात ऊन मुबलक. मग आपल्याला काय काळजी? दिल्लीत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५ ते १५ वयाच्या मुलांत निकटदृष्टितेचे प्रमाण ७.४ टक्के होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत दिल्लीतल्याच ९,८८४ शाळकरी मुलांत ते १३.१ टक्के निघाले. दोन्हींची तंतोतंत तुलना करता येणार नाही, पण दिशा कळते. या दुसऱ्या पाहणीतही दिवसाला दोन तासांहून जास्त बाहेर खेळणाऱ्या मुलांत दोष कमी आढळला. ऊन आहे, पण मुले त्यात असतात का, हा खरा प्रश्न आहे. सकाळी शिकवणी, मग शाळा, मग पुन्हा शिकवणी, आणि त्यानंतर मोबाइल, असा दिवस पुण्यामुंबईपुरता आता राहिलेला नाही.

लहान वयात नंबर लागण्याला एवढे महत्त्व का? कारण डोळा पुढे सोळासतरा वर्षांपर्यंत, काहींचा त्यानंतरही वाढत राहतो. आठव्या वर्षी सुरू झालेली वाढ चौदाव्या वर्षी सुरू झालेल्या वाढीपेक्षा खूप पुढे जाते. नंबर उणे ६ च्या पुढे गेला की ताणलेले दृष्टिपटल सुटणे, काचबिंदू, दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज असे धोके वाढतात. चष्म्याने या धोक्यांपासून सुटका होत नाही. म्हणून दोष येणे दोनचार वर्षे लांबवता आले तरी तो मोठा लाभ आहे.

शिक्षकाच्या हातातल्या गोष्टी

पहिली गोष्ट वेळापत्रकाची. प्रार्थना मैदानात घेतली तर १५ मिनिटे. मधली सुट्टी ३० मिनिटे. रोजचा एक तास झाडाखाली घेतला, मग तो कवितेचा असो की परिसर अभ्यासाचा, तर ३५ मिनिटे. बेरीज ८० मिनिटे. काउश्युंगच्या शाळेएवढी. यासाठी अनुदान लागत नाही. फळा नसला तरी चालेल असे कितीतरी पाठ असतात.

आता एका गोष्टीकडे प्रामाणिकपणे पाहू. गृहपाठ केला नाही म्हणून मुलाला मधल्या सुट्टीत वर्गात बसवणे, परीक्षा जवळ आली म्हणून खेळाचा तास गणिताला घेणे, हे आपण सगळेच करतो. मुलाच्या भल्यासाठीच करतो. पण आपण त्याच्याकडून काय काढून घेतो याची आता थोडी कल्पना आली आहे. शिक्षा करायची तर दुसरी शोधावी. मुलींच्या बाबतीत तर हे जास्तच खरे आहे. घरी गेल्यावर धाकट्या भावंडांत आणि स्वयंपाकघरात त्यांची संध्याकाळ जाते. अनेकींना मोकळा उजेड मिळतो तो शाळेच्या आवारातच.

अर्थात विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलच्या दुपारी मुलांना मैदानात उभे करायचे नाही. सावलीतला उजेडही वर्गापेक्षा कितीतरी पट असतो. सकाळची वेळ निवडावी, टोपी घालावी, पाणी प्यावे. आणि सूर्याकडे थेट पाहायचे नाही, हे तर बजावूनच सांगावे.

दुसरी गोष्ट ओळखण्याची. शेवटच्या बाकावर बसवून, एक डोळा तळहाताने हलकेच झाकून, फळ्यावरची अक्षरे प्रत्येकाला वाचायला लावा. मग दुसरा डोळा. वर्षातून दोनदा हे केले तर पन्नास मुलांच्या वर्गात एक तास जातो. ज्याला इतरांपेक्षा कमी दिसते त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवायचे. ही तपासणी नव्हे, ही फक्त चाळणी आहे. नंबर काढायचे काम डॉक्टरांचेच.

तिसरी गोष्ट चष्म्याची. ‘चष्मा लावला की नंबर वाढतो’, ‘थोडा कमीच नंबर द्या’ असे पालक म्हणतात. मलेशियात ९४ मुलांवर हे करून पाहिले आहे. काहींना मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिला. त्यांचा नंबर कमी वाढला नाही. उलट, थोडा जास्तच वाढला. आणि चष्मा न दिल्याने काय जाते? चीनच्या गान्सू आणि शान्शी प्रांतांतल्या २५२ शाळांत चौथीपाचवीच्या मुलांवर प्रयोग झाला. ज्यांना चष्म्याची गरज होती त्यांपैकी सुमारे १५ टक्केच तो वापरत होते. काही शाळांत तो फुकट दिला. वर्षअखेरीस त्या शाळांतल्या गरजू मुलांचे गणिताचे गुण इतरांपेक्षा थोडे पण निश्चित जास्त होते. शिकवणारे तेच, पुस्तक तेच. फरक एवढाच, की आता फळा दिसत होता.

‘मुलीला चष्मा लागला तर पुढे लग्नाचे कसे?’ हा प्रश्न आजही घराघरांत विचारला जातो, आणि चष्मा दप्तरात पडून राहतो. त्या घरी जाऊन चार शब्द बोलणे शिक्षकाशिवाय कोणाला जमणार? वर्गात ‘चष्मिश’ म्हणून चिडवणे थांबवणेही आपल्याच हाती आहे.

एक मर्यादा पालकांना स्पष्ट सांगितली पाहिजे. बाहेरच्या उजेडाने दोष येणे टळते किंवा लांबते, असा पुरावा भक्कम आहे. ज्याला नंबर लागला आहे त्याचा नंबर वाढणे त्याने थांबते, असा पुरावा तितका भक्कम नाही. लागलेला नंबर जातो असा तर मुळीच नाही. तेव्हा ‘मैदानात पाठवा, चष्मा काढून टाका’ असे कोणी म्हणू नये. नंबर भराभर वाढत असेल तर त्यावर काही औषधे आणि खास भिंगे आता आहेत. त्यांचा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा.

पहिल्या परिच्छेदातला मुलगा आपल्याही वर्गात असेल. त्याला उद्या पहिल्या बाकावर बसवावे आणि या आठवड्यात त्याच्या घरी निरोप पाठवावा. त्याच्या धाकट्या भावंडांचे डोळे अजून वाढत आहेत. मधल्या सुट्टीची घंटा झाली की ती वर्गातच डबा उघडून बसत असतील, तर त्यांना सांगावे: डबा घेऊन झाडाखाली जा.